पाटणचा शिलालेख आणि भागाकारातील बाकी

१/९
शके ११२८ म्हणजे इसवी सन कोणते? ७८ मिळवा, १२०६ येते. परंतु खानदेशातील एका शिलालेखाबाबत हे सोपे उत्तर एका वर्षाने चुकते. ती चूक दाखवून देते ती भागाकारातील बाकी.

२/९
आमच्या शिरपूरहून धुळ्यामार्गे चाळीसगावकडे गेले की पुढे डोंगराच्या कुशीत पाटण लागते. तेथील देवीच्या मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले, असे हा लेख सांगतो.

३/९
दानाचा काळ असा : शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. येथेच अडचण उभी राहते. शक १२०६ कडे बोट दाखवतो. संवत्सर काय सांगते?

४/९
संवत्सरांची नावे साठ. एकसष्टाव्या वर्षी पुन्हा पहिले नाव येते. आपल्या पंचांगात १९८७ च्या पाडव्याला प्रभव सुरू झाले. १९८७ मधून १२०७ वजा केले तर ७८० उरतात; ७८० ला ६० ने भागल्यास बाकी शून्य. म्हणजे १२०७ च्या पाडव्यालाही प्रभवच! १२०६ घेतले तर बाकी १ उरते आणि नाव जुळत नाही. ९ ऑगस्ट १२०७ च्या रात्री चंद्रग्रहणही होते. अभ्यासकांनी हीच तारीख स्वीकारली.

५/९
त्या दिवशी वार कोणता? कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ च्या १८ फेब्रुवारीस, शुक्रवारी मानतात. तेथून ९ ऑगस्ट १२०७ पर्यंत १५,७३,६६९ दिवस. सातने भागल्यास बाकी ६. शुक्रवारपासून सहा वार पुढे : गुरुवार.

६/९
पण कलियुगारंभी शुक्रवारच का? भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नुसार कल्प रविवारी सुरू झाले आणि कलियुगापर्यंत १,९७,२९,४४,००० सौरवर्षे लोटली. त्यांच्या मानाने ३,२०० वर्षांचे बरोबर ११,६८,८२७ दिवस होतात. अशी ३,२०० वर्षांची आवर्तने ६,१६,५४५. म्हणून एकूण दिवस = ६,१६,५४५ × ११,६८,८२७.

७/९
हा गुणाकार करण्याची गरजच नाही. पहिल्या संख्येला सातने भागल्यास बाकी ६, दुसरीला २. ६ × २ = १२; बाराची बाकी ५. रविवारपासून पाच वार पुढे : शुक्रवार! कारण साधे आहे. पहिली संख्या ‘सातची पट अधिक ६’, दुसरी ‘सातची पट अधिक २’. गुणाकार उलगडला की ६ × २ वगळता प्रत्येक पदात सात हा अवयव असतोच. ती पदे बाकीत काहीच भर घालत नाहीत. शंका असेल त्याने पूर्ण गुणाकार, ७,२०,६३,४४,४२,७१५, सातने भागून पाहावा.

८/९
येथे अभिमानाला थोडा आवर हवा. बाक्यांच्या गणिताला स्वतंत्र चिन्ह आणि शास्त्रशुद्ध मांडणी दिली ती जर्मन गणिती गाउस यांनी, १८०१ मध्ये. परंतु बाक्यांशी व्यवहार आपल्याकडे फार जुना. बाकी ठाऊक असता मूळ संख्या शोधण्याची ‘कुट्टक’ रीत आर्यभटांनी ४९९ मध्ये दिली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. काळ मोजण्यासाठी प्रचंड संख्या लागत, आणि हाती हवी असे ती केवळ बाकी : वार, संवत्सर, ग्रहाचे स्थान.

९/९
ज्या गणिताच्या अध्ययनासाठी पाटणचा मठ उभा राहिला, त्याच गणिताने त्या मठाच्या दानलेखाचे वर्ष आज निश्चित होते. दगडावरील आकडा एका वर्षाने घसरू शकतो. संवत्सराचे नाव, तिथी आणि ग्रहण हे तिघे एकाच वेळी घसरणे अवघड. म्हणून पुढच्या वेळी शिलालेखात शक दिसला की ७८ मिळवून थांबू नका. संवत्सर वाचा, साठने भागा, आणि बाकी काय म्हणते ते ऐका.