पगाराच्या स्लिपमधले दोनशे रुपये

परवा पगाराची स्लिप आली. नेहमीप्रमाणे शेवटचा आकडा बघून बंद करणार, तेवढ्यात एका ओळीवर नजर अडकली. 'प्रोफेशनल टॅक्स, कर्नाटक : २००'. आता गंमत अशी, की मी बसतो चंद्रपुरात, घराच्या वरच्या खोलीत. कंपनी बेंगळुरूची. तिथल्या ऑफिसात मी आजवर दोनदा गेलोय, त्यातला एकदा लॅपटॉप आणायला. मग माझे दोनशे रुपये कर्नाटकात काय करताहेत?

एचआरला विचारलं. उत्तर आलं, "सिस्टममध्ये तसंच आहे." सॉफ्टवेअरवाल्याला कुणी हे उत्तर द्यावं? :) रविवार मोकळाच होता, बसलो खणत.

माझा एक मामेभाऊ न्यू जर्सीत राहतो आणि न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम घरून करतो. तो दरवर्षी दोन राज्यांची रिटर्न्स भरतो आणि दोघांनाही शिव्या घालतो. आपल्याकडे ही कटकट नाही, कारण पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचा. राज्याला आपल्या पगारातून थेट मिळतो तो एवढाच, व्यवसाय कर. आणि त्यालाही घटनेने कुंपण घातलंय.

हे कुंपण इंग्रजांच्या काळातलं. १९३९ मध्ये संयुक्त प्रांताने (म्हणजे आजचा उत्तर प्रदेश) नोकरदारांच्या पगारावर कर बसवायचा घाट घातला. ब्रिटिश संसदेने १९४० मध्ये कायदाच बदलून टाकला : प्रांतांनी असा कर माणशी वर्षाला ५० रुपयांच्या वर घ्यायचा नाही. पुढे राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये ही मर्यादा २५० झाली, आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५००. म्हणून तर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात. अकरा महिने दोनशे, एक महिना तीनशे, बेरीज बरोबर २५००. मी इतकी वर्षं तो पेरोलचा बग समजत होतो!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. महाराष्ट्रात हा कर आला १९७५ मध्ये, आणि तो आला रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला होता : जो काम मागेल त्याला काम द्यायचं. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि लाखो माणसं खडी फोडायला, मातीकामाला रस्त्यावर आली. दुष्काळ संपल्यावरही योजना चालवायची तर पैसा कुठून आणायचा? ठरलं असं, की ज्यांचा पगार पहिल्या तारखेला ठरलेला आहे त्यांनी थोडं द्यायचं, आणि अशा खास करांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. थोडक्यात, मुंबईच्या ऑफिसातला कारकून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी भरत होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

हे वाचून खाली गेलो आणि आजीला विचारलं. आमचं गाव सिंदेवाहीकडचं. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायच्या, म्हणजे १९८२ च्याही आधीची गोष्ट. आजी म्हणाली, "जात होतो ना बाप्पा, तलावाच्या पाळीवर माती टाकाले. तुया बाबाले झाडाखाली निजवून." पैसे कोण देत होतं, विचारलं. "सरकार. आनखी कोन?"

आता तिला काय सांगू? की ते 'सरकार' म्हणजे कुणाच्या तरी स्लिपमधली एक ओळ होती?

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात जे २०० जिल्हे घेतले, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. तेव्हा माझे दोनशे रुपये आजही थेट पाळीवर जातात असा काही माझा भ्रम नाही. पण हा कर माणूस काम कुठे करतो यावर लागतो, कंपनीची पाटी कुठे आहे यावर नाही. मी काम करतो ते चंद्रपुरात.

हे सगळं एचआरला पुन्हा लिहिलं, या वेळी कलमासकट. दोन महिने मेलामेली झाली. शेवटी कंपनीने इकडची नोंदणी केली, आणि या महिन्याच्या स्लिपवर आलं : 'महाराष्ट्र : २००'. हातात पडणारा पगार तेवढाच, एका पैशाचा फरक नाही.

आजीला स्लिप दाखवली. तिने चष्मा लावून सगळे आकडे नीट बघितले आणि म्हणाली, "एवढा पगार, अन् दोनशेच कापते?"

असो.