तुषारज्वलन

द्रव इंधनाचे हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब आणि त्यांची वाफ यांच्या मिश्रणातून ज्वाला पसरण्याची क्रिया. असोद्यासारख्या खानदेशी खेड्यांत ही क्रिया पोहोचली ती विहिरीवर मोटेच्या जागी आलेल्या डीझेल एंजिनामुळे. घासलेटचा स्टोव्ह मात्र तिच्यात मोडत नाही. लिंडक्विस्ट यांच्या १८९२ च्या रचनेत तेलाची आधी वाफ होते व वायूच जळतो. बर्नर पुरेसा तापला नसेल, तर तेल द्रवरूपातच उडते आणि भडका होतो.

वायुमिश्रणातील ज्वालेचा वेग मालार व ल शाटल्ये यांनी १८८३ मध्ये उपपत्तीने मांडला. थेंबांचा विचार त्यामानाने उशिरा झाला. हाबर व व्होल्फ यांनी १९२३ मध्ये धुक्याच्या स्फोटांचा अभ्यास केला. द्रव थंड असला, म्हणजे त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघत नसली, तरी त्याचे धुके पेटू शकते. ही गोष्ट व्यवहारात दुर्लक्षिली गेली, असेच म्हणावे लागते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टनजीक चाचणीवर असलेल्या ‘रैना देल पासिफिको’ या जहाजाच्या एंजिनांत स्फोट होऊन २८ जण मृत्युमुखी पडले. अतितप्त भागावर वंगणतेलाची वाफ होते, ती थंड जागी गोठून धुके बनते आणि त्याच तप्त भागाने पेटते. दाब सोडणाऱ्या झडपा व तेलाचे धुके ओळखणारी उपकरणे यांकडे यानंतर लक्ष वेधले गेले.

बर्गॉइन व कोहेन यांनी १९५४ मध्ये टेट्रॅलिनाच्या एकसारख्या थेंबांवर प्रयोग केले. सु. १० मायक्रॉनपेक्षा (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंब ज्वाला येण्यापूर्वीच वाफ होऊन जातात, त्यामुळे ते मिश्रण वायूप्रमाणेच जळते. सु. ४० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब मात्र स्वतंत्रपणे जळतात व ज्वाला एका थेंबावरून दुसऱ्यावर जाते. एकट्या थेंबाच्या व्यासाचा वर्ग काळाच्या समप्रमाणात घटतो, हे गॉडसेव्ह व स्पॉल्डिंग यांनी १९५३ मध्ये दाखविले होते. व्यास निम्मा केल्यास जळण्याचा काळ चौथाईवर येतो. डीझेल एंजिनात इंधन उच्च दाबाने बारीक फवारण्याचे मर्म यातच आहे. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सच्या कृषी एंजिनांचे कार्यही याच तत्त्वावर चालते.

दाट फवाऱ्यात थेंब एकटे राहत नाहीत. त्यांचा पुंजका एकाच ज्वालेत वेढला जातो. च्यू यांनी १९७०–८० या दशकात या समूहज्वलनाची उपपत्ती मांडली. पृथ्वीवर मोठे थेंब खाली बसत असल्याने प्रयोग अडतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील, २००९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगमालेत हेप्टेनाच्या थेंबाची दिसणारी ज्वाला विझल्यावरही तो कमी तापमानाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्वालेने जळत राहिल्याचे आढळले.