एक आज्ञावली, अनेक यंत्रे

एका संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालेलच असे नाही. एकावर पूर्णांक १६ बिटांत मावतो, दुसऱ्यावर तो ३२ बिटांचा असतो. एखादी सोय एका प्रणालीत असते, दुसरीत नसते. मग प्रत्येक यंत्रासाठी नवी आज्ञावली लिहायची काय?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेल्या 'सी' भाषेला १९७२-७३ च्या सुमारास 'प्रीप्रोसेसर' जोडला गेला. कंपायलरच्या आधी मजकूर चाळणारा हा मदतनीस. सुरुवातीला तो दुसरी फाइल आणून जोडी आणि एका नावाच्या जागी ठरलेला मजकूर घाली. अशा नावाला मॅक्रो म्हणतात. पुढे माइक लेस्क व जॉन रायझर यांनी त्यात भर घातली. 'अमुक मॅक्रो ठरवलेला असेल तरच या ओळी ठेव, नाहीतर गाळ,' असे सांगता येऊ लागले. युनिक्स प्रणाली एका यंत्रावरून अनेक यंत्रांवर पसरली, तसा या सोयीचा वापरही वाढला.

पण अट घालणे जितके सोपे, तितकेच ते निस्तरणे अवघड. परस्परांशी संबंध नसलेल्या दहा अटी घातल्या, की एकाच मजकुरातून १०२४ निरनिराळ्या आज्ञावल्या निघू शकतात. त्या सगळ्या तपासणार कोण? गाळलेल्या ओळीतील चूक तर त्या यंत्रावर दिसतही नाही.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्ये एका निबंधात या सवयीवर कडक टीका केली. त्यांची 'सी न्यूज' ही आज्ञावली नाना तऱ्हेच्या युनिक्सवर चालत असे. त्यांचे म्हणणे असे, की अटी सर्वत्र विखरू नयेत. यंत्रायंत्रांतील फरक वेगळ्या फाइलींत, एका ठरलेल्या नावामागे ठेवावेत. मुख्य आज्ञावलीने ते नाव तेवढे वापरावे.

दुसरी सुधारणा प्रश्नाच्या स्वरूपात झाली. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले 'ऑटोकॉन्फ' यंत्राचे नाव विचारण्याऐवजी 'तुला काय येते?' असे विचारते. छोटी चाचणी-आज्ञावली कंपाइल करून पाहते आणि उत्तर मॅक्रोत नोंदवते. त्यामुळे यादीत नसलेले नवे यंत्रही पुष्कळदा सामावून जाते.

वर्गात हे दाखवायला संगणक लागत नाही. तीन अटींपासून किती आवृत्त्या होतात, ते मुलांना कागदावर मांडू द्यावे. आठ भरतील. चौथी अट घातली, की सोळा. मग अटी कमी का ठेवायच्या, हे आपण वेगळे सांगावे लागणार नाही.