चाक आणि रूळ : नखाएवढ्या जागेचे गणित

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून लीड्सकडे निघालेली एक्स्प्रेस गाडी १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळच्या वळणावर रुळांवरून घसरली. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर होता. या अपघातात चार जण मृत्युमुखी पडले आणि सत्तरहून अधिक जखमी झाले. घातपात नव्हता, चालकाची चूक नव्हती आणि सिग्नलमध्येही दोष नव्हता. गाडीखालचा रूळच फुटून त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले होते. असंख्य चाके वरून गेल्यामुळे रुळाच्या आतल्या कडेवर बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्या हळूहळू खोलवर गेल्या होत्या. या प्रकाराला अभियंते ‘रोलिंग कॉन्टॅक्ट फटीग’ म्हणतात. दोन घन वस्तू एकमेकींना टेकतात तेव्हा त्या स्पर्शाच्या जागी नेमके काय घडते, हे संगणकाच्या साह्याने शोधणाऱ्या शास्त्राला संगणकीय संपर्क यामिकी असे नाव आहे. रेल्वेच्या संदर्भात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत हॉलंडमधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक योस्ट काल्कर (१९३३-२००६) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

पोलादी चाक पोलादी रुळावर टेकते ती जागा जेमतेम एक चौरस सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी असते. आठ चाकांचा संपूर्ण डबा एखाद्या टपाल तिकिटाएवढ्या जागेवर उभा असतो, असे म्हटले तरी चालेल. एका चाकावर दहा टन भार असल्यास त्या जागेवरील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट होतो. गाडीचे वजन पेलणे, तिला वेग देणे, ब्रेक लावणे आणि वळणावर तिला मार्गावर ठेवणे ही सारी कामे या चिमुकल्या जागेतूनच पार पडतात.

या अभ्यासाची सुरुवात मात्र रेल्वेमुळे नव्हे, तर काचेच्या भिंगांमुळे झाली. विद्युतचुंबकीय लहरींच्या शोधामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले हाइनरिश हर्ट्झ बर्लिनमध्ये असताना, भिंगे एकमेकांवर दाबली असता ती किंचित चपटी होऊन प्रकाशाच्या पट्ट्यांवर परिणाम होतो काय, असा प्रश्न त्यांना पडला. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी त्याचे गणित मांडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता स्पर्शाची जागा किती मोठी होते आणि तेथे दाब कसा विभागला जातो, याचे त्यांनी दिलेले सूत्र आजही वापरात आहे.

हर्ट्झ यांच्या गणितात घर्षण मात्र नव्हते. गाडी ओढणारे चाक रुळावर पूर्णपणे चिकटूनही फिरत नाही आणि पूर्णपणे घसरतही नाही. स्पर्शक्षेत्राचा पुढचा भाग रुळाला धरून असतो, तर मागचा भाग सूक्ष्मपणे घसरत असतो. त्यामुळे चाक जेवढे फिरते त्यापेक्षा गाडी किंचित कमी अंतर कापते. इंग्लंडमधील एफ. डब्ल्यू. कार्टर यांनी १९२६ मध्ये याचा द्विमितीय सिद्धांत मांडला. प्रत्यक्षात चाक आडवेही सरकते आणि स्पर्शाच्या जागी स्वतःभोवती वळू पाहते. या तिन्ही हालचालींचा एकत्रित विचार काल्कर यांनी १९६७ मध्ये डेल्फ्टला सादर केलेल्या प्रबंधात केला. त्यातील गुणांक रेल्वेगाड्यांच्या हालचालींचे गणित करणाऱ्यांना आजही ‘काल्कर गुणांक’ म्हणूनच परिचित आहेत.

हा प्रश्न अवघड का? एरवी पुलाचे किंवा तुळईचे गणित करताना भार कोठे आहे हे आधीच ठाऊक असते. येथे मात्र स्पर्श नेमका कोठे होतो आणि त्यातील कोणता भाग चिकटलेला व कोणता घसरणारा, हे उत्तर मिळेपर्यंत कळत नाही. काल्कर यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ या संगणक प्रोग्रॅममध्ये त्या जागेचे लहान लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनाबाबत आधी अंदाज बांधायचा, गणित करायचे, नियम मोडला असेल तर अंदाज बदलायचा आणि पुन्हा गणित करायचे, अशी ही पद्धत आहे. ती अचूक खरी, पण वेळखाऊ. धावत्या गाडीच्या प्रत्येक क्षणाचे गणित करताना ती परवडत नसे. त्यासाठी त्यांनी १९८२ मध्ये ‘फास्टसिम’ ही सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात पृष्ठभाग जणू ब्रशच्या ताठ केसांचा बनलेला आहे असे मानले जाते; प्रत्येक केस शेजारच्याची पर्वा न करता आपल्यावरील बलापुरता वाकतो. थोडी अचूकता सोडून प्रचंड वेग मिळवणारी ही पद्धत जगभरातील रेल्वे-अभियंत्यांनी स्वीकारली.

अशा गणिताला केंब्रिजचे प्राध्यापक केनेथ जॉन्सन (१९२५-२०१५) यांच्या संशोधनाची जोड मिळाली. विशिष्ट मर्यादेपर्यंत पोलाद वारंवार येणाऱ्या भाराशी जुळवून घेते. ती मर्यादा ओलांडली की प्रत्येक चाकागणिक पृष्ठभागाचा थर अतिसूक्ष्म अंतराने एकाच दिशेने ओढला जातो आणि शेवटी भेग पडते, हे जॉन्सन यांनी विशद केले. हॅटफिल्डनंतर ब्रिटनमध्ये रुळांच्या आयुष्याचा अंदाज बांधणारी जी पद्धत विकसित झाली, तिचा आधारही स्पर्शाच्या जागी खर्च होणारी ऊर्जा हाच आहे. तीतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. ही ऊर्जा अगदी कमी असेल तर रुळाला धोका नसतो आणि खूप जास्त असेल तर झीज इतक्या वेगाने होते की कोवळ्या भेगा तिच्याबरोबरच निघून जातात. खरा धोका या दोहोंच्या मध्ये असतो. रुळांचा वरचा थर यंत्राने ठरावीक काळाने घासून काढतात, तो याचसाठी.

तथापि, गणित स्वतःहून रूळ बदलत नाही. हॅटफिल्डच्या त्या रुळातील दोष अपघातापूर्वीच लक्षात आला होता. तो बदलण्याचे काम मात्र लांबत गेले. अपघातानंतर ब्रिटनभर बाराशेहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा लादाव्या लागल्या, वाहतूक कित्येक महिने विस्कळीत राहिली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये रुळांची मालकी असलेली रेलट्रॅक ही कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. भेग कोठे आणि का पडेल हे सांगण्याइतके शास्त्र तोवर पुढे गेलेले होते. त्याचे सांगणे वेळेवर ऐकणे, एवढेच बाकी होते.