शिकलगाराच्या साणेपासून गॅरेजमधल्या बफपर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पश्चिम महाराष्ट्रात ‘शिकलगार’ हे आडनाव ठिकठिकाणी आढळते. हे मूळचे व्यवसायाचे नाव. अरबी भाषेत ‘सैकल’ म्हणजे घासून लखलखीत करणारा. फारसीच्या वाटेने हा शब्द दख्खनेत आला आणि तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती साफ करणारा कारागीर शिकलगार ठरला. ‘जिल्हई’ हा शब्दही त्याच वाटेने मराठीत आला. त्याच्या जोडीला आपण ‘कल्हई’ म्हणतो, पण या दोन शब्दांत महत्त्वाचा फरक आहे. कल्हईत भांड्यावर कथलाचा नवा थर चढतो. जिल्हईत काहीच चढत नाही. उलट असलेल्या पृष्ठभागाचा सूक्ष्म अंश घासून निघून जातो. चकाकी ही वरून लावायची वस्तू नसून खरवडून मिळवायची वस्तू आहे, हे शिकलगाराला पक्के ठाऊक होते. आज गॅरेजमध्ये मोटारीवर बफिंगचे मशीन फिरते, तेव्हाही नेमके हेच घडत असते.

मोटारीच्या रंगाचा इतिहास बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सांगायला एक सबळ कारण आहे. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या उद्योगांना हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि त्याच घराण्यातून आपली ‘पद्मिनी’ आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप दीर्घकाळ याच गाडीचे होते. तिथली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

पण गाडी रंगवायची कशी, हा प्रश्न मोटारीच्या जन्मापासूनचा. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. जवसाच्या तेलातला रंग आणि त्यावर व्हार्निश, असे हात कुंचल्याने मारायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा आणि पुढचा द्यायचा. यात काही आठवडे जात. हेन्री फोर्डने जुळणीची साखळी सुरू करून गाडी तासा-दीड तासात जोडायला घेतली, तेव्हा रंग वाळण्याची वाट पाहणे कारखान्याला परवडेना. म्हणून १९१४ ते १९२५ या काळात त्याची ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात मिळे. भट्टीत भाजून लवकर वाळणारा तो रंग होता.

ही कोंडी फोडली ती ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीने. ही कंपनी मूळची बंदुकीची दारू बनवणारी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. याच पदार्थाच्या एका रूपाचा स्फोटक म्हणून उपयोग झाला, दुसऱ्या रूपापासून चित्रपटाची फीत बनली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला तो अशाच फितीवर. त्याच कुळातला, फवाऱ्याने मारता येणारा आणि काही तासांत वाळणारा रंग १९२३ साली बाजारात आला. त्याचे नाव ‘ड्यूको’. आपल्याकडे हे नाव इतके रुळले, की आजही सुतार कपाटाला ‘ड्यूको’ मारून देतो. मोटारीच्या मिस्त्रींच्या तोंडी असलेला ‘एनसी’ रंग म्हणजेही हाच नायट्रोसेल्युलोज.

ड्यूकोने वेळ वाचवला, पण एक काम वाढवले. फवारलेला थर वाळला की मंद दिसे. त्याला चमक हवी तर वॉटर पेपरने घासून नंतर रबिंग कंपाउंडने घोटावे लागे. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हे काम वर्षानुवर्षे पोरांच्या मनगटावर चालले. जुन्या बनियनचा बोळा, त्यावर कंपाउंडचा गोळा आणि दिवसभर एकच हालचाल. एक गाडी घोटायला दोन पोरांचा दिवस जाई. मशीन आले ते या मनगटांच्या जागी. जर्मनीत फाइन कंपनीने १८९५ साली विजेवर चालणारे हातातले ड्रिल बनवले, तिथून हाती धरायच्या यंत्रांची परंपरा सुरू झाली. ग्राइंडर आणि पॉलिशर ही त्याच घरातली भावंडे. एक लोखंड कापते, दुसरे रंग घोटते. फरक मुख्यतः गतीचा आणि तोंडाला लावलेल्या चकतीचा.

मी स्वतः हे मशीन प्रथम हाती घेतले ते वडिलांच्या पद्मिनीसाठी. ते इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला होते. नंबर लावून, बरीच वर्षे थांबून त्यांनी ही फिकट निळी गाडी घेतली होती. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ तिच्यावर बसे आणि रोज सकाळी ती कोरड्या फडक्याने पुसली जाई. मायेने केलेल्या त्या पुसण्यातूनच रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उमटले होते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डागही होते. बारामतीतल्या एका वयस्कर पेंटर मिस्त्रींकडे गाडी नेली. नवा रंग मारून द्या, असे घरच्यांचे म्हणणे होते. मिस्त्रींनी बॉनेटवरून पंजा फिरवला आणि म्हणाले, “दादा, हा कंपनीचा रंग आहे. खरवडला की गेला. आधी घोटून बघू.”

पण ते घोटायला बसले नाहीत. मलाच शिकवायला बसले. भंगारातले एक बॉनेट समोर ठेवले. हातातले घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढायला लावला, कारण बकलाचा एक चरा सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकली. कंपाउंड चकतीवर घेतले, ते मशीन बंद असतानाच पत्र्यावर पसरवले आणि मग सर्वांत कमी गतीवर बटण दाबले. पहिली जाणीव ओढीची होती. गोल फिरणारी चकती हाताला एका अंगाला खेचते आणि आपण तिला रोखण्यासाठी नकळत जोर लावतो. “दाबू नका,” मिस्त्री म्हणाले, “त्याच्या वजनावर चालू द्या. तुम्ही फक्त वाट दाखवा.” चकती सपाट ठेवायची, एका जागी थांबायचे नाही, आधी आडवे आणि मग उभे पट्टे घ्यायचे, दर दोन-चार पट्ट्यांनी पत्र्याला हात लावून पाहायचा. हात ठेववत नसेल तर थांबायचे.

यामागचे शास्त्र सोपे आहे. चरा म्हणजे रंगात पडलेली बारीक घळ. तिच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून ती दिसते. कंपाउंडमधले अतिसूक्ष्म कण घळ भरत नाहीत. आजूबाजूची जमीनच घळीच्या तळापर्यंत खाली आणतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि चकती एका जागी रेंगाळली तर रंग मऊ पडून जळतो. ओला रंग वाळताना धारदार कडांवरून मागे सरकतो, त्यामुळे कडेला थर सर्वांत पातळ असतो. म्हणूनच मिस्त्रींनी सगळ्या कडांना मास्किंग टेप लावून घेतली होती.

तासाभराने आम्ही खऱ्या गाडीकडे वळलो. ती आधी धुऊन, सावलीत उभी करून थंड होऊ दिली होती. डिकीवर वीतभर चौकोनात पहिला प्रयोग केला. चकती उचलली तर ती निळी झाली होती. वडिलांच्या गाडीचा रंगच तिला लागला होता. अशा जुन्या एकथरी रंगावर पारदर्शक कवच नसते; जे निघते ते थेट रंगातूनच निघते. समोर मात्र त्या चौकोनात झाडाची पानेन् पाने दिसत होती. मोह अनावर होता. मिस्त्रींनी विचारले, “अजून घ्यायचं का?” उजव्या दारावर हँडलखाली किल्लीचे जुने खोल चरे होते. ते घालवायचे तर तिथला रंग प्रायमरपर्यंत जाणार. मी ते तसेच ठेवायला सांगितले. वडील रोज त्याच दाराने आत बसत. बाकी गाडी दोन दिवसांत हलक्या हाताने घोटली आणि शेवटी मेण लावले. उत्तम मेणात ब्राझीलमधल्या कार्नुबा ताडाच्या पानांवरचा मेणाचा अंश असतो. ते मात्र कल्हईसारखे वर चढते, आणि काही महिन्यांत उतरते.

आजच्या गाड्यांची रचना निराळी आहे. १९८०च्या दशकापासून जगभर रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रुळली. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. त्यातच सूर्यकिरणांना अडवणारी द्रव्ये असतात. दर दिवाळीला हौसेने बफिंग करून घेणारा मालक हे छत्र दरवर्षी थोडे थोडे पातळ करत असतो. पत्र्यावरच्या रंगाची जाडी मोजणारी छोटी यंत्रे मिळतात. काम देण्याआधी ती मोजून घ्या, असे सांगायला हवे. आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर मास्क आहे का, तेही पाहायला हवे, कारण घोटलेला रंग धूळ होऊन त्याच्याच छातीत जातो.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही. या भागातल्या तरुणांना वाहनाचे तंत्र आता परके राहिलेले नाही. गावोगावच्या गॅरेजमध्ये बफिंगची मशीन आली आहेत आणि पोरांची मनगटे सुटली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र बोळ्याने घोटणारा हात थकत असे, आणि ते थकणे हीच रंगाची राखण होती. मशीन थकत नाही. त्यामुळे कुठे थांबायचे, हे ठरवण्याची जबाबदारी आता पूर्णपणे माणसावर आली आहे. पाते घासून घासून झिजवणारा शिकलगार कोणी दारात उभा केला नसता. ज्याला थांबणे कळे त्याच्याच हाती तलवार दिली जाई.