बोरगावचा कामगार आणि राज्यघटना

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना राज्याची सीमा ओलांडली की पुढे बोरगावचे औद्योगिक क्षेत्र लागते. सौंसर तालुक्याचा हा मुलूख भाषेने मराठी, कारभाराने मध्यप्रदेशी. २०२३ पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. येथील मालक आणि मजूर यांच्या संबंधांचे नियमन कोणत्या तत्त्वांवर होत आले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. म्हणून येथील कामगार-कायद्याचे एक मूळ १९४७ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद निवारण कायद्यात सापडते. पुढे १९६० चा मध्यप्रदेश औद्योगिक संबंध कायदा आला. या दोहोंच्या मध्ये, २६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना अमलात आली आणि मजुरी ही केवळ दोघांतील कराराची बाब उरली नाही.

घटनेने औद्योगिक विवाद हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. खाणींतील श्रम व सुरक्षितता मात्र संघसूचीत. सौंसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत. त्यामुळे एकाच घरातील खाणीवर जाणाऱ्या भावाचे गाऱ्हाणे केंद्राच्या अधिकाऱ्याकडे आणि कारखान्यात जाणाऱ्याचे राज्याच्या अधिकाऱ्याकडे, अशी वाटणी झाली.

संपाचा प्रश्न अधिक बिकट. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना डॉ. आंबेडकरांनी संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क असल्याची भूमिका मांडली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संपही झाला. पुढे घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने संघ स्थापण्याचा हक्क दिला. तथापि त्यात संपाचा मूलभूत हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात दिला. संप कायद्याने मिळतो आणि कायद्यानेच आवरता येतो.

परंतु जो मजूर संघापर्यंत पोचतच नाही, त्याचे काय? १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावर किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते. जमादार त्यातून रुपया कापून घेत. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून शासनास जबाबदारी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

हा निकाल आम्ही वाचला होता. त्यानंतर सेवेत असताना एका कारखान्यातील ठेकेदाराचे वेतनपुस्तक तपासण्याचा प्रसंग आला. रकमा नियमाप्रमाणे, अंगठे जागच्या जागी. बाहेर पडताना एक वृद्ध मजूर हळूच म्हणाला, ‘साहेब, अंगठा पुऱ्या पैशावर लावतो, हातात अर्धेच येते जी.’ आम्ही शेरा लिहिला : ‘नोंदी समाधानकारक.’ कागदाला कागद जुळत होता. त्या मजुराचा जबाब नोंदविण्याचा अधिकार आम्हांस होता; तो आम्ही वापरला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्या गुणदोषांची चर्चा होत राहील. आमच्यापुरते सांगायचे तर, २३ वा अनुच्छेद बोरगावात पोचतो की नाही हे वेतनपुस्तक मिटल्यानंतर अधिकारी मजुराला काय विचारतो, यावर ठरते. आम्ही काहीच विचारले नव्हते.