भट्टीच्या पोटातील वीट

के. आर. पुरमच्या आसमंतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कारखाना परका नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. १९४८ साली येथे दूरवाणीनगरात टेलिफोनचा कारखाना उभा राहिला. परंतु धातू वितळल्यावाचून यंत्र घडत नाही आणि अग्निरोधक विटेवाचून धातू वितळविता येत नाही.

ही वीट निवडताना केवळ उष्णतामान पाहून भागत नाही. सिलिकाची वीट सुमारे १६५० अंश सेल्सियसपर्यंत तग धरते; तथापि चुनामिश्रित धातुमळी तिला खाऊन टाकते. म्हणूनच बेसेमरच्या भट्टीत चुना घालता येत नसे आणि फॉस्फरसयुक्त लोखंडाचे पोलाद ठिसूळ निघे. लंडनच्या न्यायालयात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट टॉमस यांनी १८७९ च्या सुमारास भाजलेल्या डोलोमाइटचे अस्तर यशस्वी करून दाखविले. चुना टाकता येऊ लागला, फॉस्फरस मळीत उतरला आणि हिणकस ठरलेल्या खनिजाला मोल आले. कारकुनी पेशातील आम्हां मंडळींना या गोष्टीचे कौतुक वाटल्यास नवल नाही!

आपल्या शेजारच्या सेलममधील मॅग्नेसाइटच्या विटाही याच अल्कधर्मी गोत्रातल्या. जशी मळी तशी वीट, हाच या निवडीचा पहिला नियम होय.